एकोणीस हजार जण ‘येतो’ म्हणाले

चष्मेवाल्यांना वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी ‘युवा संपर्क प्रमुख’ हे पद मिळालं ते एका स्क्रूमुळे.

स्क्रू साहेबांच्या चष्म्याचा होता. साहेब नगरपालिकेच्या निवडणुकीला उभे होते, आणि भर प्रचारफेरीत चष्म्याची दांडी निखळली की उभा असलेला उमेदवारसुद्धा जवळच्या दुकानात जाऊन बसतो. चष्मेवाल्यांनी भिंगाखाली धरून स्क्रू बसवला, काचा पुसल्या, दांड्या कानामागे नीट टेकतात की नाही ते पाहिलं. साहेबांना स्वच्छ दिसायला लागलं. आणि पहिली गोष्ट दिसली ती ही, की आपल्या मागून चालणाऱ्या मंडळींत डोक्यावर भरगच्च केस असलेलं कोणीच नाही. तरुण काही आपल्या सभेला येत नाहीत हो, असं म्हणून त्यांनी सुस्कारा सोडला.

असा सुस्कारा ऐकल्यावर शहाण्या माणसाने ‘खरं आहे’ म्हणावं, डबी हातात द्यावी आणि दार उघडून धरावं. चष्मेवाले म्हणाले, “ऑनलाइन नोंदणी ठेवा ना.”

ते असं का म्हणाले हे कळायला दुकानाच्या आतल्या खोलीत जावं लागेल. त्या काळोख्या खोलीत ते तीस वर्षं समोरच्या माणसाशी दोनच वाक्यं बोलत आले होते. ‘शेवटची ओळ वाचा’ आणि ‘आता बरं दिसतं, की मघाशी?’ एवढ्या भांडवलावर कोणाचं वक्तृत्व फुलणार? पण चष्मेवाल्यांच्या पोटात एक भाषण होतं. गिऱ्हाईक नसलं की ते आत जात, दार लोटून घेत आणि भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे तोंड करून बोलत. तक्ता श्रोता म्हणून फार गुणी. वर एकच मोठं अक्षर, अध्यक्षासारखं. त्याखाली प्रतिष्ठित मंडळी. तळाशी दाटीवाटीने बसलेला बारीकसारीक जनसमुदाय. कोणी खोकत नाही, कोणी मध्येच उठून जात नाही. कमी होती ती फक्त टाळ्यांची. आयुष्यात एकदा खऱ्याखुऱ्या व्यासपीठावरून, समोर माणसं बसलेली असताना बोलायचं, एवढंच त्यांचं मागणं होतं. माणसाची इच्छा एवढी लहान असली की तिच्यासाठी तो वाटेल तेवढा मोठा खड्डा खणू शकतो.

साहेबांनी तिथल्या तिथे त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुम्हीच बघा ही नोंदणी, तुम्हीच आमचे युवा संपर्क प्रमुख, आणि स्वागताचं भाषणही तुम्हीच करायचं. तिसरं वाक्य ऐकल्यावर चष्मेवाल्यांना पहिली दोन ऐकूच आली नाहीत.

घरी जेवताना त्यांनी ही बातमी शक्य तितक्या सहजपणे सांगितली. बायकोने शांतपणे विचारलं, “युवा म्हणजे कोण?”

“मी.”

तिने त्यांच्याकडे नीट पाहिलं, पाण्याचा पेला पुढे सरकवला आणि म्हणाली, “कंबरेचा पट्टा लावलात का आज?”

लेक कॉलेजात होती. नोंदणीचं पान तिने जेवण झाल्यावर बसल्या बसल्या बनवून दिलं. वर साहेबांचा हसरा फोटो, मध्ये तारीख आणि सभागृहाचं नाव, खाली दाबायचं एक बटण. पान व्हायला लागला त्याच्या कितीतरी पट वेळ त्या बटणावर काय लिहायचं याला लागला. ‘मी सदर सभेस उपस्थित राहू इच्छितो’ हा चष्मेवाल्यांचा मसुदा. एवढं लिहायचं तर बटण दाराएवढं करावं लागेल, असं लेक म्हणाली. तिने ‘येणार’ सुचवलं. चष्मेवाल्यांना ते फारच उघडंबोडकं वाटलं, म्हणून तळमजल्यावरच्या बाईंना बोलावलं.

बाई शाळेतून भाषा शिकवून निवृत्त झाल्या होत्या, पण भाषा त्यांच्यातून निवृत्त झाली नव्हती. खुर्चीत बसून त्यांनी एकेका क्रियापदाची हजेरी घेतली. ‘येणार’ हा भविष्यकाळ, आणि भविष्यकाळात माणूस कधीच सापडत नाही. ‘येईन’मध्ये तर पळवाट दिसतेच आहे. ‘यावं म्हणतो’ ही नुसती इच्छा. वर्तमानकाळ वापरा. वर्तमानकाळात माणूस शब्दाला बांधला जातो. “सरळ ‘येतो’ लिहा,” त्या म्हणाल्या. आणि बायकांनी काय पुरुषासारखं बोलायचं का, म्हणून शेजारी दुसरं बटण, ‘येते’.

लेक ते शब्द टाइप करताना खुदकन हसली. पान सुरेख झालं म्हणून हसली असेल, असा चष्मेवाल्यांनी हिशेब केला. हिशेब चुकायला पहिली ओळ चुकली तरी पुरते.

पहिल्या दिवशी सात नोंदी झाल्या, त्यातल्या चार त्यांच्याच घरातल्या होत्या, आणि घरात माणसं तीन. चौथा नंबर दुकानाचा. दुसऱ्या दिवशी आकडा शंभरावर गेला. त्यानंतर मात्र त्याने कोणाला जुमानलं नाही. चष्मेवाले फोन भिंगांच्या पेटीत उघडा ठेवून डोळे तपासू लागले. एकदा एका गिऱ्हाइकाच्या नाकावर तपासणीची जड फ्रेम चढवून त्यांनी ‘शेवटची ओळ वाचा’ म्हटलं आणि नजर फोनकडे गेल्यावर तोंडातून आपोआप ‘चार हजार’ निघालं. गिऱ्हाईक बिचारं प्रामाणिक. बराच वेळ डोळे बारीक करून ते म्हणालं, मला नाही दिसत हो चार हजार, मला फक्त एक ‘प’ दिसतोय.

साहेबांचा एक उजवा हात होता. सगळा कारभार तोच पाहायचा आणि सगळे त्याला उजवा हात असंच म्हणायचे. तो धावत दुकानात आला. सभागृहात सहाशे माणसं मावतात, इथे पाच हजार ‘येतो’ म्हणतायत, आता सभा मोठ्या मैदानावर घ्यायला हवी. मैदानाच्या परवानगीचं काम अर्थातच युवा संपर्क प्रमुखांचं. त्याने खिशातून पदाचा बिल्ला काढून त्यांच्या सदऱ्याला लावला, टाचणी थोडी आत टोचली, पण चष्मेवाले हसले.

मैदान उद्यान विभागाचं. उद्यान विभाग म्हणाला, आधी पोलिसांचं पत्र आणा. पोलीस म्हणाले, अग्निशमन दलाचा दाखला असल्याशिवाय आम्ही पत्र देत नाही. अग्निशमन दलाने सांगितलं, की दाखला देऊ, पण त्यासाठी मैदानाची सगळी फाटकं उघडून मोजावी लागतील, आणि किल्ल्या उद्यान विभागाकडे आहेत. उद्यान विभागाने विचारलं, किल्ल्या कशाच्या आधारावर देऊ, परवानगी कुठे आहे? हे तीन कार्यालयांचं रिंगण चष्मेवाल्यांनी भेदलं ते शेवटी आपल्या धंद्याच्या जोरावर. प्रत्येक टेबलामागे एक माणूस होता आणि प्रत्येक माणसाच्या नाकावरचा चष्मा एका बाजूला कललेला होता. चष्मेवाल्यांना कललेला चष्मा बघवत नाही. ते बोलता बोलता हात पुढे करत, चष्मा काढून घेत, दांडी थोडी वाकवत, नाकावरचे पॅड चिमटीत दाबत आणि परत बसवत. समोरच्याला अचानक अर्ज वाचता यायचा. वाचता आल्यावर नाकारायला कारण उरायचं नाही. त्या दिवसांत तीनही खात्यांचा कारभार किती सरळ झाला ते सांगता येणार नाही, पण चष्मे झाले.

पोलीस निरीक्षकांना मात्र चष्मा नव्हता, त्यामुळे तिथे जरा जड गेलं. तोवर आकडा एकोणीस हजारांवर जाऊन टेकला होता. निरीक्षकांनी विचारलं, एवढ्या तरुणांची जबाबदारी कोणाची? चष्मेवाल्यांनी बिल्ला पुढे केला. निरीक्षकांनी बिल्ला वाचला, मग चेहरा वाचला, मग पुन्हा बिल्ला वाचला.

“युवा तुम्ही?”

“ते पद आहे,” चष्मेवाले म्हणाले. “वय नाही.”

हवालदाराने हसू लपवायला खिडकीबाहेर पाहिलं. बाहेर पाहण्यासारखं काही नव्हतं, हे चष्मेवाल्यांनी येतानाच पाहिलं होतं. तो अपमान त्यांनी गुपचूप जमेला धरला आणि मोठ्या बंदोबस्ताचं आश्वासन घेऊन बाहेर पडले.

इमारतीत आता रोज जिन्यावर बैठक भरू लागली. चौथ्या मजल्यावर राहणाऱ्या गृहस्थांना सगळे ‘वरचे’ म्हणत. नोकरीत असताना ते नक्की काय करत हे कोणाला माहीत नव्हतं, पण कोणत्याही गोष्टीचा शेवट किती वाईट होऊ शकतो याचं त्यांना दांडगं ज्ञान होतं. त्यांनी चेंगराचेंगरीचे प्रकार समजावून सांगितले. हरवलेल्या मुलांसाठी एक तंबू हवा, सापडलेल्या मुलांसाठी दुसरा, नाहीतर घोटाळा होतो. पाण्याच्या टाक्या हव्यात, आणि टाक्यांभोवती कठडे हवेत, कारण पाणी दिसलं की गर्दी टाकीकडे वळते. रुग्णवाहिका तर हवीच. मग आवाज खाली आणून ते म्हणाले, गर्दीत पहिल्यांदा फुटतात ते चष्मे. हा मुद्दा चष्मेवाल्यांच्या काळजाला भिडला. त्यांनी दुकानातले वाचायचे तयार चष्मे एका पेटीत भरले आणि पेटीवर ‘आपत्कालीन’ अशी चिठ्ठी चिकटवली.

खुर्चीवाल्याने एकोणीस हजार खुर्च्यांचं नाव ऐकून आधी खुर्ची मागवली आणि बसून घेतलं. मग चार गावांची मंगल कार्यालयं आणि नाट्यगृहं धुंडाळून त्याने पाच हजार जमवल्या. पांढऱ्या, निळ्या, काही एकेकाळी लाल असलेल्या. पाठ मोडलेल्या होत्या त्या पत्रकारांसाठी वेगळ्या काढल्या.

या सगळ्या धामधुमीत लेक दोन-तीनदा दुकानात येऊन काचेच्या कपाटाशी घुटमळली. बाबा, त्या आकड्यावर फार जाऊ नकोस, असं ती म्हणाली. चष्मेवाल्यांनी तिला समजावलं, की आपलं घर आजवर आकड्यांवरच चाललं आहे, कोणाचा अधिक दीड, कोणाचा उणे तीन, आणि आकडा कधी खोटं बोलत नाही. ते पान माझ्या मैत्रिणींनी पुढे पाठवलंय आणि सगळे त्याच्यावर हसतायत, असंही ती म्हणाली. हसतायत म्हणजे आवडलंय, चष्मेवाले म्हणाले, रडत कोणी सभेला येतं का? एकदा तर ती सगळं सांगायचंच ठरवून आली होती. पण तेव्हा आतल्या खोलीचं दार लोटलेलं होतं आणि आतून आवाज येत होता. ‘हा अथांग जनसागर पाहून माझं मन भरून आलं आहे.’ मग थोडी शांतता, टाळ्यांसाठी सोडलेली. लेक तशीच परत फिरली.

सभेच्या दिवशी संध्याकाळी मैदान असं सजलं होतं की पाहत राहावं. खुर्च्यांच्या ओळी पार पलीकडच्या भिंतीपर्यंत गेल्या होत्या. फाटकाफाटकावर पोलीस होते. रुग्णवाहिका दार उघडून उभी होती. पाण्याच्या टाक्या होत्या, टाक्यांना कठडे होते. हरवलेल्यांचा तंबू होता, सापडलेल्यांचा होता. आपत्कालीन चष्म्यांच्या टेबलावर वरचे स्वतः बसले होते. नव्हती ती माणसं.

अगदीच नव्हती असं म्हणता येणार नाही. पहिल्या ओळीत बायको आणि बाई बसल्या होत्या. त्यांच्या मागे इमारतीतली मंडळी, उद्यान विभागाचे दोघे, चष्मा सरळ झालेला अग्निशमनचा एक कारकून. खुर्चीवाल्याची माणसं कडेला पाय पसरून बसली होती. एक कुत्रा मधल्या रस्त्याने आला, दोन्हीकडे पाहून पसंतीची ओळ निवडली आणि तिच्यासमोर आडवा झाला. पोलीस धरले तर माणसं बरी दिसत होती, पण पोलिसांना श्रोत्यांत धरण्याचा प्रघात नाही.

वेळ झाली तसे चष्मेवाले व्यासपीठाच्या पायऱ्या उतरून खाली आले आणि फाटकाकडे पाहू लागले. रस्त्यात अडकले असतील, तरुण उशिराच उठतात, वगैरे कारणं ते निरीक्षकांना पुरवत होते. तेवढ्यात लेक शेजारी येऊन उभी राहिली. हातात फोन होता आणि तो तिने छातीशी उलटा धरला होता.

“बाबा, कोणी येणार नाहीये.”

“असं कसं? एकोणीस हजार जण ‘येतो’ म्हणालेत.”

“हो, ‘येतो’च म्हणालेत. घरातनं निघताना आपण काय म्हणतो?”

“येतो म्हणतो.”

“आणि मग काय करतो?”

चष्मेवाल्यांनी फाटकाकडे पाहिलं. “मग जातो,” ते हळूच म्हणाले.

मग तिने सगळं सांगितलं. साहेब मागे कुठल्याशा भाषणात म्हणाले होते, की आजची पिढी रिकामटेकडी आहे. साहेब ते विसरले, पिढी विसरली नव्हती. लेकीने त्या बटणाचा फोटो मैत्रिणींना पाठवला होता, नुसता हसायला, कारण बटणावर ‘येतो’ लिहिलेलं तिला दारात चपला घालून उभ्या असलेल्या माणसासारखं वाटलं होतं. पुढचं तिने केलं नव्हतं. कोणीतरी त्याचा व्हिडिओ केला. साहेबांना ‘येतो’ म्हणा आणि फिरकू नका, रिकामटेकड्यांकडून साहेबांना रिकाम्या खुर्च्या सप्रेम भेट. पोरांनी ‘येतो’ दाबलं आणि हात हलवून निरोप घेतानाचे आपापले व्हिडिओ टाकले. ज्यांचा या गावाशी काडीचा संबंध नाही त्यांनी दाबलं. परदेशात शिकणाऱ्यांनी दाबलं. एकाने तर बोटीवरून दाबलं होतं, भर समुद्रातून.

“मला सांगायचं नाहीस का?”

“सांगत होते. तू आकडा वाचून दाखवत होतास.” तिने नाक ओढलं. “आणि परवा आले तेव्हा तू आत टाळ्यांसाठी थांबला होतास. मग मला नाही सांगता आलं.”

यावर रागवावं की लाजावं याचा चष्मेवाल्यांनी विचार केला आणि दोन्ही एकाच वेळी झाल्यामुळे चेहरा नुसता लाल झाला. त्यांनी बाईंकडे पाहिलं. बाईंनी सगळं ऐकलं होतं. व्याकरण माझं बरोबरच होतं, असं त्या ठामपणे म्हणाल्या, वर्तमानकाळच तो, माणसं वर्तमानकाळातच निघून गेली.

फोन वाजला. साहेबांचा होता. मोटार मैदानाच्या कोपऱ्यावर येऊन थांबली होती आणि आत शिरण्याआधी साहेबांना एकच गोष्ट हवी होती.

“किती आहेत?”

चष्मेवाल्यांनी समोर नजर फिरवली. खोटं बोलायला हरकत नव्हती, फक्त ते पुढच्या दोन मिनिटांत दिसणार होतं. “मोजता येतील एवढे आहेत,” ते म्हणाले.

पलीकडे मोटारीची काच खाली घेतल्याचा आवाज आला. मग साहेब म्हणाले, “बरं. येतो मी.” आणि फोन बंद झाला.

उजवा हात व्यासपीठावरून ओरडत होता, साहेब काय म्हणाले, साहेब काय म्हणाले. त्याला घाईघाईत उत्तर द्यायला चष्मेवाले वर गेले, तिथे माईक चालू होता, आणि त्यांचं आयुष्यातलं पहिलं सार्वजनिक वाक्य पाच हजार खुर्च्यांवरून घुमत गेलं.

“साहेब ‘येतो’ म्हणाले.”

भिंतीपलीकडून मोटारीचा दिवा दिसला, तो मागे सरकला, वळला आणि दिसेनासा झाला. पहिलं हसू बाईंचं होतं. मग इमारतीतली मंडळी हसली, मग खुर्चीवाल्याची माणसं, मग फाटकावरचे पोलीस, आणि शेवटी निरीक्षकांनी टोपी काढून कपाळ पुसण्याच्या निमित्ताने तोंड लपवलं. चष्मेवाल्यांना आधी काही कळलं नाही. कळलं तेव्हा त्यांच्या लक्षात आणखी एक गोष्ट आली, की ही माणसं आपल्याला हसत नाहीत, आपल्या वाक्याला हसतायत. तक्ता तीस वर्षांत एकदाही हसला नव्हता. हसू ओसरेपर्यंत ते थांबले, अगदी मुरलेल्या वक्त्यासारखे.

साहेबांना भेटून येण्याच्या निमित्ताने उजवा हातही गेला, जाताना पुष्पगुच्छ घेऊन. निरीक्षक व्यासपीठाशी आले आणि हलक्या आवाजात म्हणाले, की आवरून घेऊ या का. म्हणण्यात दुष्टावा नव्हता, त्यांच्या माणसांचे पाय दुखत होते. खरं तर त्या क्षणी खाली उतरणं सोपं होतं. साहेब नाहीत, सभा नाही, युवा नाहीत, मग स्वागत कोणाचं करायचं? चष्मेवाल्यांनी खिशातून भाषणाचा कागद काढला. पहिलीच ओळ होती, ‘हा अथांग जनसागर’. त्यांनी समोर कुत्र्याकडे पाहिलं. कागदाची घडी घातली आणि परत खिशात ठेवला.

“परवानगी आहे ना या वेळेची?” त्यांनी निरीक्षकांना विचारलं. “तीन कार्यालयांची आहे. वाया घालवायची नाही. तुमच्या लोकांना बसायला सांगा, जागा आहे.”

पोलीस बसले. मागे पांगलेली मंडळी पुढे आली. आणि चष्मेवाले बोलायला लागले, ते थेट आतल्या खोलीतून. डोळे तपासायला आलेला माणूस कसा आधी तक्ता पाठ करून येतो ते त्यांनी सांगितलं. रांगेत आधीचा वाचत असतो ते हा कान देऊन ऐकतो आणि खुर्चीत बसल्यावर धडाधडा म्हणतो, जणू परीक्षाच आहे. एक मोठे गृहस्थ तर डोळा झाकायच्या आधीच शेवटची ओळ म्हणून मोकळे झाले होते, आणि ती ओळ तक्ता बदलायच्या आधीची होती. नाव त्यांनी सांगितलं नाही, पण अग्निशमनच्या कारकुनाने भिंतीपलीकडे, मोटार गेली त्या दिशेला बोट दाखवलं. ‘आता बरं दिसतं, की मघाशी?’ या एका प्रश्नावरून भांडणारी नवरा-बायको सांगितली. तिला बरं दिसायचं ते त्याला मघाशीच बरं होतं असं वाटायचं, आणि डोळे तपासायचे होते तिचे. मग ते म्हणाले, की माणसाला दिसत नसलं तरी ‘दिसतंय’ म्हणायची फार सवय असते. मलाही गेले काही दिवस काही दिसत नव्हतं, नुसता आकडा दिसत होता, आणि आकड्यामागे काय आहे ते माझ्या घरातच कोणीतरी मला दाखवत होतं.

ती घरातली व्यक्ती व्यासपीठाच्या कोपऱ्यात फोन टेकवून उभी होती. रिकाम्या खुर्च्यांचं थेट दर्शन घ्यायला पोरं फोनला डोळे लावून बसणार हे तिला माहीत होतं, आणि ती बसलीच होती. सुरुवातीला सगळ्यांचं एकच मागणं होतं, खुर्च्या दाखव, खुर्च्या दाखव. मग कोणीतरी लिहिलं, हे काका कोण? मग, जरा गप्प बसा रे, ऐकू दे. मग, आवाज वाढव. लेकीने फोन खुर्च्यांवरून उचलला आणि बापाकडे वळवला.

थोड्या वेळाने फाटकातून एक स्कूटर आली. मग आणखी दोन. मग सायकली. हेल्मेट काखेत धरून पोरं-पोरी आत आली आणि कॉलेजच्या सवयीने थेट शेवटच्या ओळीत जाऊन बसली. चष्मेवाल्यांना ती तिथून मुंगीएवढी दिसत होती.

“शेवटची ओळ,” ते माईकवरून म्हणाले, “काय दिसतंय?”

“खुर्च्या,” एक पोरगी ओरडली.

“मग पुढे या. नंबर लागलाय तुम्हाला.”

ती पुढे आली. मैदान भरलं नाही, अर्धंही नाही, पावही नाही. पहिल्या काही ओळी भरल्या आणि भरलेल्या ओळींत कोणी उठून गेलं नाही. एका पोराने मध्येच हात वर करून विचारलं, की काका तुम्ही का नाही उभे राहत निवडणुकीला? वरच्यांनी आपत्कालीन टेबलावरून ताबडतोब त्यातले धोके सांगायला सुरुवात केली. त्यांना आवरण्यात पाच-दहा मिनिटं गेली. चष्मेवाले म्हणाले, उभं राहायला माझी हरकत नाही, पण उभं राहिलं की समोरचा ‘शेवटची ओळ वाचा’ म्हणणार, आणि मी पाठ करून आलेलो नाही. टाळ्या झाल्या. खऱ्या, हातांच्या, पुढे-मागे होणाऱ्या. त्यांच्यासाठी त्यांनी जागा सोडली नव्हती, त्यामुळे पुढचं वाक्य टाळ्यांत बुडालं आणि त्यांना ते पुन्हा म्हणावं लागलं. ही अडचण त्यांना इतकी आवडली की त्यांनी ते तिसऱ्यांदाही म्हटलं.

परवानगीची वेळ संपली. पोलीस फाटकं बंद करायला गेले आणि रुग्णवाहिका कोणालाही न घेता निघून गेली. खुर्चीवाला पाच हजार खुर्च्यांकडे पाहून हताश उभा होता, तेव्हा लेकीने पोरांना काहीतरी सांगितलं आणि रिकामटेकडी पिढी खुर्च्या एकात एक घालू लागली. कोणाची चळत उंच होते यावर पैजा लागल्या. दोन चळती पडल्या. हे होणार असं मी म्हटलंच होतं, असं वरचे समाधानाने म्हणाले आणि बाईंना सोबत करत घराकडे निघाले.

चष्मेवाले पायऱ्या उतरून खाली आले. पहिल्या ओळीत आता एकटी बायको बसली होती.

“झालं?” तिने विचारलं.

“झालं तसं.”

“तसं म्हणजे?”

“दोन-चार मुद्दे राहिले. वेळ संपली.”

बायकोने मागे वळून पाहिलं. चळत घेऊन चाललेल्या एका पोराला हाक मारली, त्याच्याकडून वरची एक खुर्ची उतरवून घेतली, आपल्या समोर ठेवली आणि चपला काढून त्या खुर्चीवर पाय लांब केले.

“बोला मग,” ती म्हणाली. “पण माईक नको. कान दुखले माझे.”

चष्मेवाल्यांनी आजूबाजूला पाहिलं. मग सदरा सारखा केला, घसा खाकरला, आणि सभेला उद्देशून म्हणाले, “तर मी काय सांगत होतो.”